टक्कर चालू असते तेवढा वेळ दोघांचा एकच असतो

चिपळूण,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी स्टँडवर उभा होतो. गाड्यांच्या आवाजात नीट बोलता आलं नाही, पण लेकीचा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. एकाच गतीला दोन मापं कशाला, संवेगही (वस्तुमान गुणिले वेग) आणि गतिज ऊर्जाही (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं)? आणि टकरीत एक टिकतं, दुसरं टिकत नाही, हे ठरवलं कोणी? तू म्हणालास, क्लासमध्ये तिला उत्तर मिळालं, "सूत्र पाठ कर, गणितं सुटतात." गणितं सुटतात हे खरं. पण प्रश्न तिथेच राहतो, आणि इतका चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलीला असं परत पाठवू नये. म्हणून सविस्तर लिहितोय. तू वाच आणि मग तिला दे.

अकरावीत माझा पहिला पेपर याच धड्यावर होता, आठवतं? शंभर ग्रॅमचा चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगानं भिंतीवर आपटतो आणि त्याच वेगानं परत येतो, तर संवेगातला बदल किती? मी लिहिलं होतं शून्य. वेग तितकाच, वस्तुमान तेच, मग बदलणार काय? सरांनी लाल शाईनं नुसता एक उलटा बाण काढून दिला होता. जातानाचा संवेग अधिक २, येतानाचा उणे २, बदल ४. त्या बाणाचा अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी उमगला. संवेगाला दिशा असते, आणि ती काढून घेतली की त्यात काहीच उरत नाही.

हीच चूक फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं केली होती. १६४४ साली त्यानं टकरींचे सात नियम छापले. विश्वातली एकूण गती कायम राहते, हा त्याचा विचार फार मोठा होता. पण ती मोजताना त्यानं आकार आणि चाल यांचा गुणाकार धरला, दिशा सोडून दिली. त्यामुळे नियम विचित्र निघाले. एका नियमात तो म्हणतो की लहान वस्तू थांबलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही जोरानं आदळली तरी मोठी जागची हलत नाही, लहान तेवढी परत फिरते. कॅरम खेळलेला कुठलाही पोर हे खोटं आहे म्हणून सांगेल.

हा गुंता सोडवला हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं, आणि तोही एका नावेच्या मदतीनं. मला हे आख्ख्या भौतिकशास्त्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. त्याच्या देशात कालवेच कालवे. त्यानं कल्पना केली की संथ पाण्यावरून एक नाव चालली आहे आणि नावेतला माणूस दोन दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे गोळे एकमेकांवर आपटतोय. दोन्ही सारख्याच वेगानं समोरासमोर येतात आणि तितक्याच वेगानं मागे फिरतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या असल्यामुळे दुसरं काही होण्याचं कारणच नाही. आता हीच टक्कर काठावर उभ्या माणसाला कशी दिसेल? नावेचा वेग गोळ्याच्या वेगाइतकाच असला, तर एक गोळा त्याला थांबलेला दिसेल आणि दुसरा दुप्पट वेगानं येताना. टकरीनंतर येणारा थांबेल, थांबलेला दुप्पट वेगानं निघेल. गोट्या खेळताना नेम बरोबर समोरून बसला की आपली गोटी जागीच थांबायची आणि समोरची सुटायची, ते हेच. नवं सूत्र नाही, नवा प्रयोग नाही, फक्त उभं राहायची जागा बदलली.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं जाताना आपण डेकवर चेंडू उडवायचो, तो सरळ हातातच यायचा. काठावरून तोच चेंडू कमानीसारखा वळण घेत जाताना दिसत असणार. तिला ही आठवण सांग, मग नाव कशासाठी आली हे तिच्या लगेच लक्षात येईल.

आता कॅरम. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा चालतो, सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. स्ट्रायकर ४ च्या वेगानं थांबलेल्या सोंगटीवर समोरासमोर आला असं धर. एकूण संवेग १५ गुणिले ४, म्हणजे ६०. एकूण वस्तुमान २०. भागाकार केला की ३, तोच आपल्या नावेचा वेग, कारण या नावेतून पाहिलं की दोघांचा मिळून संवेग शून्य दिसतो. नावेत बसून पाहिलं तर स्ट्रायकर १ नं पुढे येतोय आणि सोंगटी ३ नं उलटी येतेय. १५ गुणिले १ आणि ५ गुणिले ३, दोन्ही पारडी बरोबर. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, म्हणजे तिच्यात गतिज ऊर्जा जराही कमी होत नसेल, तर दोघांचे वेग फक्त उलटे करायचे. मग नावेतून काठावर यायचं, म्हणजे प्रत्येकात ३ मिळवायचे. स्ट्रायकर २, सोंगटी ६. सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगानं सुटते, आणि स्ट्रायकर मात्र थांबत नाही, अर्ध्या वेगानं तिच्या मागोमाग जातो. सरळ सोंगटी घेताना स्ट्रायकरही पॉकेटमध्ये जाऊन आपण किती वेळा दंड भरला असेल! खऱ्या बोर्डावर घर्षण असतं आणि टक्कर इतकी निर्दोष नसते, आकडे थोडे कमी येतील, पण कारण तेच.

पण टकरीत संवेगच का टिकतो? तिचा खरा प्रश्न हा आहे.

दोन वस्तू आदळल्या की एक दुसरीला जितक्या बलानं ढकलते तितक्याच बलानं दुसरी पहिलीला उलट ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम, तो तिला पाठ असेल. त्याच्या पुढची एक साधी गोष्ट पुस्तकात ठळक करून लिहीत नाहीत. पहिली वस्तू दुसरीला जितका वेळ चिकटून असते, तितकाच वेळ दुसरी पहिलीला. यात फरक पडूच शकत नाही. बल सारखं, वेळ सारखा, म्हणजे बल गुणिले वेळ, आपला आवेग, दोघांना अगदी सारखा आणि उलट्या दिशेनं मिळतो. एकीच्या खात्यात जितकं जमा तितकंच दुसरीच्या खात्यातून वजा. बाहेरून कोणी ढकलत नसेल तर बेरीज हलणार कशी?

अंतराचं मात्र असं नाही. त्या स्पर्शाच्या वेळात एक वस्तू किती सरकेल आणि दुसरी किती, कोण किती चेपेल, याला कसलंच बंधन नाही. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, आणि त्यातून येते ती ऊर्जा. म्हणून गतिज ऊर्जेच्या हिशेबाला तशी हमी मिळत नाही. मित्रा, इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मला स्वतःला ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी वर्गात खडू हातात धरून मी क्षणभर गप्पच झालो होतो.

दोन मापं का, याचं उत्तरही इथेच आहे. गाडीचा वेग दुप्पट केलास आणि ब्रेक तितक्याच बलानं लागले, तर थांबायला वेळ दुप्पट लागतो पण अंतर चौपट. "किती वेळ?" विचारलंस तर उत्तर संवेग देतो, "किती लांब?" विचारलंस तर गतिज ऊर्जा. जर्मन गणितज्ञ लायब्निझनं १६८६ साली देकार्तच्या मापावर हल्ला चढवला तो वेगाचा वर्ग हातात घेऊन, आणि मग कितीतरी वर्षं युरोपात भांडण चाललं. हॉलंडच्याच स्ख्राव्हेसांदे या शास्त्रज्ञानं मऊ मातीत पितळेचे गोळे पाडून पाहिलं, तर वेग दुप्पट केल्यावर खड्डा चौपट झाला. मातीतला खड्डा म्हणजे अंतर, तेव्हा तिथे वर्गच येणार. दोन्ही बाजू खऱ्याच होत्या, त्यांचे प्रश्न वेगळे होते.

मग टकरीत हरवलेली ऊर्जा जाते कुठे? ओल्या मातीचे एक-एक किलोचे दोन गोळे घे. एक थांबलेला, दुसरा ६ मीटर प्रति सेकंद वेगानं येतो, चिकटतात आणि दोन्ही मिळून ३ नं जातात. आधीची गतिज ऊर्जा १८ ज्यूल, नंतरची ९. अर्धी गेली. गोळे किंचित तापले, थोडा आवाज झाला. उष्णता म्हणजे कणांची सगळीकडे चाललेली धावपळ, तिला ठरलेली दिशा नसते, म्हणून ऊर्जा तिच्यात जाऊन लपू शकते. संवेगाला तिथे लपता येत नाही, कारण इकडे-तिकडे धावणाऱ्या कणांचे संवेग एकमेकांना खोडतात, आणि एका दिशेचा जो शिल्लक राहतो तो पुढे सरकणाऱ्या गोळ्यात उघड दिसतोच. आणि ९ च का गेले, हे तिला नावेतून मोजायला सांग. नाव ३ ची, दोन्ही गोळे ३-३ नं समोरासमोर, प्रत्येकाचे साडेचार ज्यूल, आणि नावेत ते पूर्ण थांबतात.

झेल घेताना हात मागे नेण्याचं तिला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. १६० ग्रॅमचा चेंडू २५ मीटर प्रति सेकंद वेगानं आला, संवेग ४. हात ताठ ठेवून ०.००५ सेकंदात थांबवला तर सरासरी बल ८०० न्यूटन. हात मागे नेत ०.०५ सेकंद घेतले तर ८०. आवेग दोन्हीकडे तोच.

पण चेंडू थांबवण्याऐवजी उलटा फिरवला तर आवेग दुप्पट होतो, आणि हे आपण नववीच्या सहलीत कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजघरात पाहिलं होतं. तिथली चाकं पेल्टनची, म्हणजे कडेला वाट्या लावलेली आणि पाण्याच्या झोतानं फिरणारी. शेकडो मीटर उंचीवरून आलेलं पाणी ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं झोताच्या रूपात वाट्यांवर आदळतं. वाटीची पाठ सपाट असती तर पाणी बाजूला सांडलं असतं. वाटी दुहेरी आणि आत वळलेली असते, त्यामुळे पाणी जवळजवळ उलटं फिरतं. तेव्हा तुला फक्त गरगरणारा आवाज आठवत होता, मलाही. आता वाटीलाच हायगेन्सची नाव समज. वाटी झोताच्या अर्ध्या वेगानं पळतेय. तिच्यावर बसून पाहिलं तर पाणी अर्ध्या वेगानं येतं आणि अर्ध्या वेगानं परत जातं. काठावरून? अर्धा वजा अर्धा, शून्य. पाणी जवळपास निश्चल होऊन खाली पडतं, त्याच्याकडची ऊर्जा चाकाला देऊन. तेच पाणी पुढे आपल्या वाशिष्ठीला मिळतं. पुलावरून जाताना मला हल्ली दरवेळी ते आठवतं.

तिला एक गणित देतो. या वेळी उलटं, ५ ग्रॅमची सोंगटी ४ च्या वेगानं थांबलेल्या १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरवर येते. देकार्त म्हणाला होता, मोठी वस्तू हलणार नाही. आधी नावेचा वेग काढायचा, मग वेग उलटे करायचे, मग काठावर यायचं. तू मदत करू नकोस. उत्तर आलं की तिनंच मला फोन करायचा, रात्री नऊनंतर मी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. दिवाळीत या, माळ्यावरचा कॅरम मी पुसून ठेवतो.

तुझाच