ताई, दुधाच्या खाड्याशेजारी झोपेचे तास

ताई,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यातून तुमची बदली झाल्याचं सांगायला तुम्ही फोन केलात तेव्हा गिरणी चालू होती. निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही. मीही हो-हो करून ठेवला. म्हणून हे पत्र, दादाच्या बायपोलरमध्ये, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतोनात तेजी आणणाऱ्या आजारात, तुम्ही काय केलंत त्याचं, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. दादाला विचारूनच लिहितोय. "माझं नाव घालू नको, बाकी खरं ते लिही," म्हणाला.

सहा वर्षं झाली. ओपीडीबाहेरच्या बाकावर मी बसलो होतो, दादा आत डॉक्टरांपुढे. महिनाभरात त्याने दोन ट्रॅक्टरचा इसार देऊन टाकला होता, मळ्यात मंगल कार्यालय बांधायचं म्हणून सिमेंटची दीडशे पोती उतरवून घेतली होती आणि रात्री दोन वाजता पोरांना उठवून त्याचा नकाशा समजावत होता. खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं होतं. त्याआधी पाऊण वर्ष तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं आळस. अंगारे-धुपारे झाले. मग एका डॉक्टरांनी उदासीवरची गोळी दिली आणि दोन-तीन आठवड्यांत दादा उठला. उठला तो थांबेचना.

तुम्ही ट्रॅक्टरचं काहीच विचारलं नाहीत. "झोपतात किती तास?" एवढंच विचारलंत. एका घरात राहून मला सांगता आलं नाही.

"घरात कालनिर्णय असेल ना? दुधाचा खाडा मांडता, त्याच्याच शेजारी रोज झोपेचे तास लिहा." मला वाटलं, एवढ्या लांबून आलोय आणि या बाई कॅलेंडर सांगतायत! पण त्या चौकोनांनीच आम्हाला आजार दाखवला. बायपोलर ठरवायला रक्ताची तपासणी नसते, मेंदूच्या फोटोतही तो दिसत नाही. माणूस काही महिने कसा होता, त्याआधी कसा होता, हे जोडून बघावं लागतं. आधीच्या डॉक्टरांवर मी फार चिडलो होतो. तुम्ही म्हणालात, त्यांच्यासमोर आला तो पडून राहिलेला माणूस, तेजीतला दादा त्यांनी बघितलाच नव्हता. या आजारात नुसती उदासीवरची गोळी दिली तर काहींची गाडी उलट्या टोकाला जाते. तरीही, 'याआधी कधी झोपेशिवाय हुशारी वाटली होती का', एवढं त्यांनी विचारायला हवं होतं असं मला अजून वाटतं. लग्नाच्या वर्षी दादा आठवडाभर तसा होता.

मग लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध सुरू झालं. आईने नाव ऐकून घाबरून पदर तोंडाला लावला. तुम्ही तिला जॉन केड यांची गोष्ट सांगितलीत: ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेले. त्यांनी हे औषध आधी गिनीपिगांना दिलं, मग स्वतः घेऊन बघितलं आणि १९४९ साली पेशंटांवरचा अनुभव छापला. "आजी, हे एक प्रकारचं मीठच आहे," म्हणालात. पुढचंही लपवलं नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत जेवणात मिठाऐवजी लिथियमचं मीठ वापरून काही माणसं दगावली होती. म्हणून तर रक्त तपासत राहायचं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता. रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये हवी. किडनी आणि थायरॉईडही अधूनमधून बघायचं. आई आता हे सगळं शेजारणीला सांगते, 'बारा तास' म्हणताना बोटं मोजून.

एक चूक आमचीच. दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात दादाने निर्जळी एकादशी धरली. त्यात गुडघा दुखतो म्हणून चार दिवस दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी चालू होती. द्वादशीला चहाची बशी त्याच्या हातात खडखडायला लागली. उलट्या, चालताना झोक, जीभ जड. मी म्हटलं, उपासाने झालं असेल. तरी तुम्हाला फोन केला. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पुढची गोळी देऊ नका, आत्ता निघा, सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर घ्या." पातळी १.६ निघाली. अंगातलं पाणी आटलं की लिथियम साठतं, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही साठतं. आता आमच्या फडताळावर आतून चिठ्ठी चिकटवलीय: पाणी सोडायचं नाही, मीठ एकदम तोडायचं नाही, दुखलं तर आधी विचारायचं. एकादशीचं दादाने विठोबाशी काय ते मिटवलंय.

सगळ्यात जड गेलं ते तुमचं आमच्याबद्दलचं बोलणं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाचे पेशंट घरी गेल्यावर काय होतं ते बघितलं होतं. ज्या घरात टोमणे आणि राग जास्त, तिथे आजार जास्त वेळा उलटायचा. बायपोलरमध्येही पुढे तसंच दिसलं, म्हणालात. घरच्यांमुळे आजार होतो असं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत, तरी मी मान खाली घातली. कारण ट्रॅक्टरच्या इसाराचा हिशोब मी दादाला रोज जेवताना ऐकवत होतो. आणि फार जपणंही त्यातच मोडतं म्हटल्यावर आई गप्प झाली. ती त्याला आंघोळीचं पाणीसुद्धा काढून द्यायची. पन्नाशीच्या माणसाला!

त्याच्या मुलीचं लग्न ठरेना तेव्हाही तुम्हालाच विचारलं. आईवडिलांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलांना हा आजार होत नाही, हे तुम्ही पाहुण्यांसमोर बसून सांगितलंत. पाहुण्यांनी दोन दिवस मागितले आणि होकार कळवला.

दादा चांगला असताना तुम्ही त्याच्याकडून एक कागद लिहून घेतलात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशी आगाऊ सूचना लिहून ठेवायची सोय आहे हे आम्हाला कुठून माहीत असणार? त्याच्या हातचं वाकडं अक्षर: "एटीएम आणि गाडीची चावी काढून घ्या, मी भांडलो तरी. कोंडून घालू नका. मुलीला माझ्यासमोर आणू नका." शेवटचं वाचून वहिनी उठून आत गेल्या. तो कागद दोनदा लागला. दोन्ही वेळा कालनिर्णयवर सलग तीन दिवस चार-चार तास दिसल्यावर आम्ही निघालो, आणि दोन्ही वेळा ॲडमिट करावं लागलं नाही.

सहा कालनिर्णय मी रद्दीत घातलेले नाहीत. नवीन मॅडमना दाखवले, त्यांनी मोबाईलवर फोटो काढून घेतले. यंदाच्या फेब्रुवारीत एकच चौकोन रिकामा आहे, मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचा. त्या रात्री घरात कुणीच झोपलं नाही, लिहिणार कोण? अक्षता पडल्यावर दादा कार्यालयातल्या खोलीत गादीवर आडवा झाला आणि चार तास झोपला. वहिनी दाराशी बसून होत्या. ते चार तास त्यांनीच नंतर लिहिलेत, दुधाच्या खाड्याशेजारी.

तुमचा,
गिरणीवाला