‘सौजन्य : इंटरनेट’ हे गृहस्थ कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘फ्रोजन शोल्डर’वरचा, म्हणजे खांदा आखडण्याच्या दुखण्यावरचा, लेख वाचला. डॉक्टरांनी सोपं लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार शेजारच्या चित्राची आहे. खाली बारीक अक्षरात ‘सौजन्य : इंटरनेट’. हे इंटरनेट नावाचे गृहस्थ राहतात कुठे? मला त्यांना भेटायचंय, कारण माझंही एक चित्र त्यांच्याकडे आहे.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात चित्रकार होतो. (हो, असं पद असतं.) मानेतून हातात उतरणाऱ्या नसांच्या जाळ्याचा, म्हणजे ब्रॅकिअल प्लेक्ससचा, तक्ता मी विच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहून काढला, फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत असताना. तो काचेच्या फ्रेमीत म्युझियमच्या भिंतीवर लागला. पुढे कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला असणार. आज तो एका क्लासच्या नोट्समध्ये आहे, एका प्रबंधातही आहे, आणि खाली ‘सोर्स : गुगल इमेजेस’. माझाच कशावरून? काचेवर चमकलेली म्युझियमची ट्यूबलाइट रेडियल नर्व्हवर आडवी पडलीय, ती जाईल तिथे सोबत जाते. कोपऱ्यातली माझी सही तेवढी कापली गेली. क्लासवाल्यांना फोन केला तर म्हणे, ‘काका, गुगलवर आहे म्हणजे फ्री असतं.’ भाजी मंडईत मिळाली म्हणून मंडईनं पिकवली, असं कुणी म्हणतं का?

आता तुमचं चित्र. वर कुणीतरी लाल-निळा रंग चढवलाय (आणि छपाईत रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी, हलल्यामुळे हाडाला दोन-दोन कडा आल्यात, हे दर रविवारी होतं, मशीनवाल्यांना जरा सांगा), तरी ढब लपत नाही. नावं बाहेर रेघा ओढून न लिहिता थेट हाडांवर, स्नायूंवर लिहायची ही पद्धत १८५८ च्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची. शरीररचनेच्या या इंग्रजी ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रेचा, पण पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रं हेन्री वॅन्डाइक कार्टरची. शीर्षकपानाच्या प्रुफात कार्टरचं नाव मोठ्या अक्षरात होतं, ते ग्रेनं बारीक करायला लावलं. म्हणजे रोग जुनाच. पण बारीक का होईना, छापलं तरी! आणि हा कार्टर कोण? १८६३ ते १८७२ आपल्या साताऱ्याचा सिव्हिल सर्जन. साताऱ्याच्या आवृत्तीत साताऱ्याच्या सिव्हिल सर्जनच्या पुस्तकातल्या ढबीचं चित्र, आणि सौजन्य इंटरनेटचं. धन्य आहे.

पुढच्या आवृत्त्यांत इतरांचीही चित्रं मिसळली, म्हणूनच चित्रकार, आवृत्ती, वर्ष, आकृती क्रमांक हे सगळं लिहावं लागतं. रंग चढवला असेल तर तेही. जुन्या चित्रांचा कॉपीराइट संपला हे मलाही माहीत आहे. परवानगी नको, पैसे नकोत. पण नाव छापायला कुणी बंदी केलीय का? आजकालच्या क्रिएटिव्ह कॉमन्सवाल्या, म्हणजे मालकानंच काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेल्या, चित्रांना तर बहुतेक वेळा नाव देणं हीच वापरायची अट असते.

व्हिडिओचं तर विचारूच नका. लेखक म्हणतात, ‘यूट्यूबवर या व्यायामांचे चांगले व्हिडिओ आहेत, ते पाहून करावेत.’ कोणते? आमच्या सौ. गेले काही महिने खांद्यानं बेजार आहेत. त्यांनी लगेच शोधलं. एकात टॉवेल पाठीमागे धरून दुखरा हात वर ओढायला सांगतात. दुसऱ्यात म्हणतात, दुखणं जोरात असताना हे अजिबात करू नका. दोन्हीकडे पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. व्हिडिओ कुणाचा, कोणत्या चॅनेलवर, कधी टाकलेला, लेखकानं कधी पाहिला आणि तो व्यायाम कितव्या मिनिटाला आहे, एवढ्याला एक ओळ पुरते. पाहिल्याची तारीख अशासाठी, की व्हिडिओ उद्या काढूनही टाकतात. सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीला त्याच पानावर अर्धी जागा मिळाली, या ओळीला मिळाली नाही.

सौ.चा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तेव्हा कृपया लेखकांना विचारा आणि तो व्हिडिओ नेमका कोणता ते येत्या रविवारी छापा, म्हणजे टॉवेल धरायचा की नाही ते आम्हाला कळेल.

आपला,
एक निवृत्त चित्रकार, सदर बझार, सातारा