पूर्व भाग काय फक्त रथापुरताच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाचा फोटो तुम्ही ठळक छापता, बरं वाटतं. पण त्यानंतर सोलापूरच्या पूर्व भागात बातमीदार दिसतो तो एखाद्या टॉवेल कारखान्याला आग लागली तरच.

आमच्या गल्लीत दुपारी तुमचा अंक मोठ्यानं वाचला जातो. बायकांच्या मांडीवर सूप, बोटं विडीवर. कॉलेजातली एखादी पोरगी मराठी बातमी वाचते आणि लगेच तेलुगूत समजावून सांगते. मग जी चर्चा रंगते, ती तुमच्या माणसांनी एकदा ऐकायला हवी! मध्यंतरी विडी मजुरीवर बातमी करायला एक जण आले आणि पुढाऱ्याशी उभ्या उभ्या बोलून गेले. छाटीत, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढण्यात, किती विड्या जातात, पानं खराब निघाली तर भुर्दंड कुणाला, हे सांगू शकणाऱ्या बायका तिथेच ओट्यावर बसल्या होत्या. लग्नाआधी मीही विड्या वळल्यात, म्हणून हे जास्त टोचतं.

19 जानेवारी 2024 ला कुंभारीच्या रे नगरात पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना 15 हजार घरं दिली गेली, तेव्हा पानंच्या पानं भरली. आता तिथून शहरात यायला-जायला किती पैसे मोडतात आणि हजार विड्यांच्या मजुरीतले किती उरतात, ही बातमी कुणी करायची?

बातम्या तेलुगूत छापा, असं माझं म्हणणं नाही. आमच्या बऱ्याच पोरांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकून समजणारे बातमीदार मात्र हवेत. 1832 चं 'दर्पण'सुद्धा मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांत निघत होतं. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या वेगवेगळ्या समाजांतल्या चार हुतात्म्यांच्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. हरकती-सूचनांच्या जाहिराती बारीक अक्षरांत येतात, आमच्यापर्यंत पोचेतो मुदत टळलेली असते. त्याच दिवशी साध्या मराठीत चार ओळी द्या: कुठला रस्ता, कुणाची घरं, अर्ज कुठं द्यायचा, शेवटची तारीख कोणती. ते वाचून दाखवायचं काम आमच्या पोरी करतील.

बातमीदार पाठवणार असाल तर विड्या द्यायच्या वेळी नको, तेव्हा बोलायला कुणालाच सवड नसते. दुपारी तीननंतर पाठवा.

आपली,
एक वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर