नाव भंगारात दिलेली नाही

कारदगा, ता. निपाणी
अक्षय तृतीया

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘ती नाव भंगारात घाल, परड्यातली जागा तरी मोकळी होईल.’ मी तेव्हा हो-नाही काहीच बोलले नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. नाव दिलेली नाही आणि देणारही नाही. तिचं बूड अजून चांगलं आहे. मिरगाच्या आधी ती पाण्यात उतरली पाहिजे असं मी ठरवलंय आणि बरंचसं काम झालंही आहे.

आई, तू दर पावसाळ्यात चिंचवडहून एकच विचारतेस, ‘भोजचा पूल बुडाला का?’ काळम्मावाडी धरणातून पाणी सुटलं, वर राधानगरीकडे झड लागली, की कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर ही बुडालेल्या पुलांची नावं पेपरात एका ओळीत येतात. तुम्ही तिकडे ती वाचता आणि तुमचा जीव इकडे लागतो. दादा म्हणतो, तूही पुण्याला ये. पण कागलची नोकरी, काकू, मळीतला ऊस, हे सगळं इथं आहे. मी इथं राहणार असेन तर नाव धड असली पाहिजे, एवढा माझा सरळ हिशेब आहे.

२००५ च्या पुरानंतर चार घरांनी मिळून ही ॲल्युमिनियमची जुनी नाव आणली, तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी गुऱ्हाळाच्या काईलीत बसून माणसं ओढा ओलांडायची, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आजीला याच नावेतून वरच्या गल्लीत नेलं. त्या वेळी बुडाला कुंपणाचे खांब लागले, ती गळायला लागली, आणि मग पालथी पडली ती पडलीच. बाकीच्या तिन्ही घरांना मी विचारलं. सगळे हो म्हणाले, एका घराने तर दुरुस्तीत वाटाही दिला.

आता काय काय निघालं ते सांगते, कारण तुम्हाला ते वाचायला आवडेल.

नाव उलटी करून आधी नुसती धुतली. मधल्या बाकाखाली पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसले. मध्यंतरी कुणीतरी तिच्यात पोटॅशची पोती ठेवली होती ना, ते त्याचंच काम. ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पातळ थर बसतो आणि तोच त्याला राखतो. पोटॅशमधलं क्लोराइड ओल धरून त्या थराला जागोजागी भोकं पाडतं, मग धातू आतून खाल्ला जातो. नशिबाने खड्डे आरपार गेलेले नाहीत.

खरी खराबी मागच्या बाजूला होती. पुरानंतर एका वर्कशॉपात तिला लोखंडी स्क्रू मारून वरून लांबी म्हणजे पुट्टी भरली होती. ॲल्युमिनियम, लोखंड आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीसारखा एक सेलच तयार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. प्रत्येक स्क्रूभोवती पत्रा कागदासारखा झाला होता. बाहेरून काहीही लिंपून गळती थांबत नाही, पाणी आत शिरून लांबीच्या मागे बसतं, हे आता मी डोळ्यांनी पाहिलंय. ते सगळे स्क्रू काढले.

मग ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर नाव सुलटी ठेवली आणि आतून पाणी भरलं. काठोकाठ नाही, वीतभरच. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, तेवढं वजन जमिनीवर पेलायला ती बनवलेली नाही. नदीत पाणी तिला बाहेरून चहूबाजूंनी उचलून धरतं. खाली वाकून जिथं जिथं थेंब आला तिथं खडूने गोल केला. काकू कंदील धरून बसली होती. बहुतेक गोल मधल्या शिवणीवर आले, म्हणजे पत्रा शाबूत, रिबिटं ढिली.

रिबिटांचं काम मला सगळ्यात आवडलं. बाहेरून रिबिटाच्या डोक्यावर एकाने जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा आणि आतून दुसऱ्याने शेपटीवर हातोडीचे बेताचे ठोके द्यायचे. रिबिट आखडून जाड होतं, भोक भरून काढतं आणि दोन्ही पत्रे पुन्हा आवळले जातात. ठोका जोरात पडला तर पत्राच चेपतो. आंबी गल्लीतले आजोबा, ज्यांनी कृष्णेत लाकडी नाव हाकली, ते येऊन ठोकळा धरून बसले. ठोका ऐकूनच ते सांगायचे, ‘हे बसलं’, ‘ह्याला अजून एक दे.’ पत्र्याच्या नावेचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं, तरी त्यांचा कान चुकला नाही. तुमच्या तब्येतीची ते रोज चौकशी करतात.

जी रिबिटं पारच झिजली होती ती ड्रिलने काढून भरीव ॲल्युमिनियमची घातली, प्रत्येकाखाली पॉलियुरेथेन सीलंट लावून. बाजारात बंदुकीने मारायची पोकळ रिबिटं झटपट मिळतात, पण त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं. नावेला ती चालत नाहीत.

पुढच्या बाजूला एक चीर होती. ती जोडायला निपाणीच्या वेल्डरकडे गेले, तर त्याने स्वतःच नको म्हटलं, आणि मला तो माणूस पटला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा थर वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. त्यात हा धातू वितळण्याआधी लोखंडासारखा लाल होत नाही, बघता बघता भोक पडतं. इतक्या जुन्या पातळ पत्र्यावर त्याला खात्री नव्हती. त्याच्या सांगण्यावरून चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं सरकत नाही, आणि वरून त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ सीलंट व रिबिटांनी बसवलं. परत पाणी भरून पाहिलं. खालची फरशी कोरडी राहिली.

बाकांखालच्या पेट्या उघडल्या तर आतला फोम भिजून जड झालेला. तो सगळा काढला. आता बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम बसवतेय. आई, हे तुझ्यासाठी नीट लिहिते. नुसत्या नावेचं वजन ८० किलो धरलं तर पूर्ण बुडाल्यावर ते पाण्यात ५० किलोच भरतं. फोमचा प्रत्येक लिटर जवळजवळ एक किलो उचलून धरतो. दीडशे लिटर फोम घातला की नाव पाण्याने भरली तरी तळाला जात नाही, माणसांना धरून राहता येतं. शिवाय बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, त्याशिवाय कुणी चढायचं नाही, आणि धारेत नाव घालायची नाही. गल्लीत आणि रानात जे फुगीचं थांबलेलं पाणी येतं त्याच्यापुरतीच ती आहे. धारेतलं काम सरकारी बोटींचं.

मागची फळी कुजली होती. तिच्या जागी आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घेतला आणि चारी कडा इपॉक्सीने बंद केल्या. हिरवट औषध मारलेलं लाकूड दुकानदार स्वस्तात देत होता, पण त्यात तांबं असतं आणि तांबं ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षाही वाईट. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घातले, खाली प्लास्टिकचे वायसर देऊन.

रंगाचं काम राहिलंय. जुना रंग पाणी मारून पॉलिश पेपरने घासतेय, तोंडाला मास्क बांधून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. आतून पांढरा पत्रा निघतो तेव्हा फार बरं वाटतं. दुर्गमानवाडीच्या सड्यावरची तांबडी माती म्हणजे याच धातूचं खनिज, आणि आपली दूधगंगाही त्याच राधानगरीच्या डोंगरातली. घासलेल्या पत्र्यावर पुन्हा जाड थर धरायच्या आत, त्याच दिवशी एच प्रायमर, म्हणजे पत्र्याला पकड घेणारा अस्तराचा रंग, मारावा लागतो, म्हणून ते काम सुट्टीच्या दिवसांना ठेवलंय. वरून पिवळा रंग द्यायचा म्हणते. गढूळ पाण्यात लांबून दिसतो.

बाबा, तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. वल्ही वाळवीने खाल्ली आहेत, नवीन करायचीत. जुनी किती हात लांब होती आणि पातं किती रुंद, ते आठवून लिहा. सुतार सागवान म्हणतो, आजोबा म्हणतात वजनाला हलकं बघ, तुमचं मत काय? आणि पुरात नाव बांधताना तुम्ही दोर चिंचेला लांबून ढिला सोडायचात, पाणी चढलं तरी नाव वर यावी म्हणून. तो किती सोडायचा ते मला कळलं पाहिजे. उत्तर कागदावर लिहा, दादा फोटो काढून पाठवेल.

आई, गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस. वहिनी सांगत होती, तू संध्याकाळचे चुकवतेस. काकूने सांडगे केलेत, कुणी येणारं मिळालं की पाठवते.

तुमची,
बेबी