जर्मन सैनिक झोपायचे कुठे तेही छापा की

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मॉस्कोच्या लढाईवर लेख आला, चांगला होता, पण त्यात जोया कोस्मोदेम्यान्स्काया या रशियन गनिमी लढवय्या मुलीला जर्मनांनी फाशी दिली एवढंच एका ओळीत उरकलंय, ती 18 वर्षांची पोरगी पेत्रिश्चेवो गावात घरं का पेटवत होती ते सांगितलंच नाही. सगळी गोष्ट झोपायच्या जागेवरून आहे हो.

जर्मन शिपायाचं बराकीत बरं होतं, पेंढा भरलेली गादी, दोन मजली खाट, आणि अंथरूण जरा वाकडं दिसलं की सार्जंट सगळं उधळून परत लावायला लावणार. आघाडीवर मात्र एक लोकरीचं ब्लँकेट, अंगातला ओव्हरकोट आणि त्सेल्टबान नावाचं तिकोनी जाड कापड, बास. ते कापड डोकेबाज होतं हे मानायला हवं, पावसात रेनकोट, चौघांनी बटणं लावून जोडलं की चौघांचा तंबू, आणि कुणी मेला तर त्यातच गुंडाळून पुरायचे. पण उणे 30 मध्ये त्याचा काय उपयोग? 22 जून 1941 ला रशियात घुसले तेव्हा हिशोब असा की थंडीच्या आत आटपेल, म्हणजे अंथरूण न बघता पाय पसरले, आणि 20 डिसेंबरला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स रेडिओवरून जनतेकडे लोकरीचे कपडे मागतोय!

मग काय, खेड्यातल्या लाकडी घरांत घुसायचं, घरातली म्हातारी माणसं नि पोरं बाहेर बर्फात आणि हे आत भट्टीजवळ पेंढ्यावर दाटीवाटीने, सोबत उवा, उवांमुळे टायफस. स्टालिनने नेमकं हेच हेरलं आणि 17 नोव्हेंबरला आदेश काढला, नंबर 0428, की जर्मन फळीमागे 40 ते 60 किलोमीटरपर्यंतची गावं जाळा, त्यांना छप्पर मिळू देऊ नका. गावं कुणाची, तर स्टालिनच्या स्वतःच्याच लोकांची, आधी जर्मनांनी बाहेर काढलं आणि उरलेलं घर त्यांच्याच सरकारने जाळलं, त्या माणसांवर तुमच्या लेखात एक शब्द नाही याचा खरं तर मला जास्त राग आला. जोया हाच आदेश पाळताना पकडली गेली आणि 29 नोव्हेंबरला फासावर गेली.

पुढचा लेख पाणबुड्यांवर आहे म्हणे, तर तिथे एक बंक दोघांत असायचा, एक ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच्याच गरम जागेवर आडवा व्हायचा, तेवढं तरी टाका.

आपला,
एक नियमित वाचक