रंगरुटांच्या लशीच्या नोंदी संशोधनाला द्या

महोदय,

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. लष्करातल्या लस-संशोधनावर मोठे डॉक्टर लिहितील. मी सुई टोचणाऱ्याच्या बाजूने लिहितो आहे.

१९७९ सालची गोष्ट. एका ट्रेनिंग सेंटरच्या एमआय रूमपुढे, म्हणजे तिथल्या दवाखान्यापुढे, रंगरूट बाह्या वर करून रांगेत उभे होते. लस टॅबची, म्हणजे टायफॉइड आणि पॅराटायफॉइडची. काचेच्या सिरिंजा, उकळून घेतलेल्या सुया, स्पिरिटचे बोळे. ती लस फार दुखायची. रात्री बरॅकमध्ये पोरे तापाने कण्हत पडायची आणि दोन दिवस परेड माफ असायची. रजिस्टर माझ्याकडे होते. संध्याकाळी हुकूम आला, कंपनीचा रोल, म्हणजे नावांची यादी, आजच पूर्ण करून द्या. मी रोलवरच्या सगळ्या नावांपुढे तारीख घालून टाकली. त्यात कराडकडचा एक पोरगा होता. तो त्या दिवशी लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, फटीगच्या कामाला होता, रांगेत आलाच नव्हता. तीन महिन्यांनी तो टायफॉइडने दाखल झाला. ताप उतरता उतरेना, आतड्यातून रक्त गेले. केस-शीटवर मात्र लिहिले होते, लस दिलेली आहे. पोरगा वाचला, पण कागदावर लस नापास झाली. तो कागद मी खोटा केला होता आणि ते मला आजही टोचते.

पुढे वाचनात आले की हा घोळ फार जुना आहे. ब्रिटिश लष्करी वैद्यक शाळेतल्या अल्मरोथ राइट यांनी टायफॉइडची लस केली आणि ती हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींना टोचून पाहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ती ऐच्छिक होती आणि जेमतेम पाच टक्के सैनिकांनी घेतली. त्या युद्धात गोळीने मेले त्याहून जास्त सैनिक रोगाने मेले, त्यात टायफॉइडचा वाटा मोठा. १९०४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी लष्कराचे आकडे तपासले आणि सांगितले की यावरून ठाम काही म्हणता येत नाही. कुठल्या पलटणीत कुणाला टोचले, कुणाला नाही, आजार खरेच टायफॉइड होता का, याचा एकसारखा हिशोब नव्हता. मग विल्यम लीशमन यांनी काम पुन्हा मांडले. हिंदुस्थानात येणाऱ्या पलटणींबरोबर प्रशिक्षित डॉक्टर पाठवले. टोचलेल्यांची आणि न टोचलेल्यांची वेगळी यादी ठेवायची, निदान प्रयोगशाळेत पडताळायचे, हे त्यांचे काम. लस करताना जिवाणू जास्त तापवले की लशीचा जोर कमी होतो, हेही लीशमन यांच्याच कामातून कळले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत टायफॉइड आटोक्यात राहिला त्यामागे ही रजिस्टरे आहेत.

अमेरिकेचे उदाहरण अलीकडचे. तिथल्या रंगरुटांना बरॅकमध्ये अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूचा ताप हटकून यायचा, म्हणून १९७१ पासून त्यावर गोळीच्या रूपात लस देत. एकच कंपनी ती बनवायची. तिने उत्पादन थांबवले, १९९९ पर्यंत साठा संपला आणि ताप परत आला. प्रत्येक लष्करी तळावर रुग्ण मोजले जात होते, म्हणून नुकसान दाखवता आले. तरी लस परत यायला २०११ उजाडले.

आपल्याकडे पुण्यात वानवडीला १९४८ पासून एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच पुण्यात १९५२ पासून विषाणू संस्था आहे, पिंपरीला लशी-औषधे बनवणाऱ्या हाफकिनचा सरकारी कारखाना आहे. हाफकिनची सूत्रे पूर्वी साहिबसिंग सोखी यांच्यासारख्या लष्करी डॉक्टरांनी सांभाळली आहेत. म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक ट्रेनिंग सेंटरमधली लशीची नोंद, बॅच नंबरासकट, एएफएमसीतल्या एका कायमच्या कक्षाकडे जावी. ज्याला टोचले नाही त्याचे नावही तितक्याच काळजीने लिहावे आणि रोल अपुरा राहिला म्हणून खालच्या माणसाला कुणी फैलावर घेऊ नये. संशोधनासाठी रक्त घ्यायचे तर जवानाची संमती त्याचा कंपनी कमांडर समोर नसताना घ्यावी. हुकुमाने दिलेल्या होकाराला संमती म्हणवत नाही.

आणखी एक. अग्निवीर चार वर्षांनी घरी येतात, बहुतेक जण कायमचे. माझा पुतण्या त्यांतलाच. त्याला कुठल्या लशी कधी दिल्या हे त्याच्या हातात कागदावर असले पाहिजे, म्हणजे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ते वाचता येईल. मागच्या सुट्टीत त्याला विचारले तर म्हणाला, "काका, दंडाला टोचलं एवढं आठवतंय."

– निवृत्त हवालदार, आर्मी मेडिकल कोअर, ता. कोरेगाव, जि. सातारा