तो देवमासा एकटा आहे हे कुणी सांगितलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'जगातला सर्वांत एकाकी देवमासा' हा लेख आला आणि दुपारपर्यंत आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरायलाही लागला, खाली रडक्या इमोजींची रांग, एका काकींनी तर सरळ ओम शांती टाकून दिलं. लेख लिहिलाय छान, त्यात वाद नाही. पण शेवटी तो असा वेगळ्या आवाजात का गातो 'याचं उत्तर विज्ञानाकडेही नाही' असं जे ठोकून दिलंय तिथे मी अडलो, कारण उत्तरं आहेत, एकाहून जास्त आहेत, आणि मला तरी ती त्या एकाकीपणाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी वाटतात.

मुळात प्रकार असा की अमेरिकन नौदलाने रशियन पाणबुड्यांवर कान ठेवायला समुद्राच्या तळाशी माइक टाकले होते, त्यात १९८९ साली उत्तर पॅसिफिकमध्ये ५२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५२ कंपनांचा, एक आवाज सापडला. निळा देवमासा साधारण १० ते ४० हर्ट्झमध्ये गातो, फिन व्हेल ही दुसरी जात २० च्या आसपास, म्हणून हा वेगळा उठून दिसला. अमेरिकेतल्या वूड्स होल समुद्रसंशोधन संस्थेचे विल्यम वॉटकिन्स आणि त्यांची टीम वर्षानुवर्षं त्याच्या मागावर राहिली, २००४ मध्ये त्यांचा संशोधनाचा पेपर आला. एकाकी हा शिक्का नंतर बातम्यांनी मारला. 'त्याचा आवाज इतरांना ऐकूच जात नाही' असं लेखात आहे, आता का नाही जाणार हो? निळे देवमासे स्वतःच खाण्याच्या जागी एकमेकांना ज्या हाका मारतात त्या याहून उंच पट्टीतून सुरू होतात, मग ५२ ला त्यांचे कान बंद पडतात की काय. आवाज विचित्र लागला तरी ऐकू येणारच.

मग तो तसा का गातो? सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण म्हणजे तो निळा आणि फिन यांचा संकर असावा. ही कल्पनेची भरारी नाही, अशी संकरित जनावरं आइसलँडजवळ खरंच मिळालीत आणि डीएनएवरून सिद्धही झालीत. घशात काही जन्मजात फरक असेल असंही काही जण म्हणतात. त्यात गंमत अशी की ५२ हर्ट्झवाला आता ५२ वर राहिलेलाच नाही, आवाज उतरत उतरत ५० च्याही खाली गेलाय. आणि हा एकटाच उतरत नाही, जगभरचे निळे देवमासे १९६० च्या दशकापासून हळूहळू खालच्या पट्टीत गायला लागलेत, कॅलिफोर्नियाच्या बाजूला तर ३१ टक्के घसरण मोजली गेली, २००९ मध्ये त्यावर पेपर आहे. का, यावर अजून भांडणं चालू आहेत. शिकार थांबून संख्या वाढली, आता जोडीदार जवळपास असतो, मग ताणून गायची गरज नाही, असा एक तर्क आहे, दुसरे समुद्रातल्या गोंगाटाकडे बोट दाखवतात. मला पहिला तर्क जास्त आवडतो, पण आवडून काय उपयोग, सिद्ध व्हायला पाहिजे.

आणखी एक, या देवमाशाच्या व्हिडिओंमधले जे हुंदके ऐकून लोक हळवे होतात ते रेकॉर्डिंग दहापट वेग वाढवून लावलेलं असतं. मूळ आवाज इतका खालचा की आपल्याला जेमतेम घरघर कळेल, वेग वाढवला की चढतो आणि विव्हळल्यासारखा वाटतो. म्हणजे रडतोय तो सॉफ्टवेअरमुळे!

'गूढ' म्हणून गाजलेले असे आवाज आधीही बरेच होते, आणि एकेकाचा मालक शांतपणे सापडत गेलाय. पाणबुडीवाल्यांना १९६० च्या दशकापासून अंटार्क्टिककडे बदकासारखा क्वॅक क्वॅक ऐकू यायचा, तो मिंकी देवमाशाचा निघाला, तेही २०१४ मध्ये. त्याच वर्षी मारियाना खंदकाजवळ एक धातूसारखा झणझणीत आवाज मिळाला होता, तो ब्राइड्स देवमाशाचा हे २०२४ मध्ये नक्की झालं, हजारो तासांचं रेकॉर्डिंग एआयकडून चाळून घेतलं तेव्हा. आणि १९९७ चा तो प्रसिद्ध 'ब्लूप', ज्याच्यावर राक्षसी प्राण्याच्या कथा रचल्या गेल्या, तो तर बर्फ तडकल्याचा आवाज.

देवमासा नेमका गातो कसा हेही अगदी आत्ता आत्ता, २०२४ मध्ये नीट कळलं. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशांचे घसे काढून प्रयोगशाळेत त्यातून हवा फुंकून बघितली, वाचून अंगावर काटाच आला. त्यांच्या घशात इंग्रजी यू सारखा एक कडक भाग असतो, तो चरबीच्या गादीवर दाबला जातो आणि मधून हवा गेली की गादी थरथरते, हवा बाहेर न सोडता पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणून पाणी नाकातोंडात जात नाही. पण संगणकावरच्या मॉडेलमधून हेही निघालं की या पद्धतीने साधारण १०० मीटरपेक्षा खोल आणि ३०० हर्ट्झपेक्षा वर गाणं जमत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे गोव्याशी त्याचा संबंध येतो.

हंपबॅक जातीच्या देवमाशांचं तर वेगळंच प्रकरण. त्यांच्यात गातात ते नर, आणि गाणं एकमेकांकडून शिकतात. चवथीला एका वाड्यावरच्या पोरांनी घुमट आरतीची नवी चाल बसवली की दोन वर्षांत पलीकडच्या वाड्यावरही तीच वाजायला लागते ना, तसं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हंपबॅकनी आपलं जुनं गाणं टाकून पश्चिमेकडून आलेल्या मोजक्या नरांचं गाणं उचललं, २००० साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं होतं. तेव्हा एखाद्या वर्षी गाणं एकदम 'विचित्र' वाटलं तर भूकंप येणार, त्सुनामी येणार असले फॉरवर्ड पाठवू नका, नवी चाल आली असेल.

आता माझी खरी तक्रार. एवढं सगळं पॅसिफिकचं छापलंत, पण गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हंपबॅकचं गाणं रेकॉर्ड झालंय, २०१८ मध्ये त्यावर पेपर आला, आपल्या दोनापावलाच्या एनआयओचे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, शास्त्रज्ञ त्यात होते, याची एक ओळ नाही! हे अरबी समुद्रातले हंपबॅक म्हणजे जगावेगळी जमात, बाकीचे हंपबॅक ध्रुवाकडे खायला जातात, हे कुठे जात नाहीत, पावसाळ्यात आपल्याच समुद्रात खालचं थंड पाणी वर येऊन जे खाद्य वाढतं त्यावर जगतात, आणि जवळजवळ ७० हजार वर्षं इतरांपासून तुटलेले आहेत. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात २४२ मारले, ओमानच्या बाजूला केलेल्या मोजणीत आता शंभरसुद्धा भरत नाहीत. २०१७ च्या शेवटी ओमानमध्ये माग काढायला टॅग लावलेली लुबान नावाची मादी सरळ समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तशीच पुढे कन्याकुमारीकडे गेली आणि परत घरी. एकाकीच शोधायचे तर हे शोधा ना. आणि निळे देवमासेही लांब नाहीत, लक्षद्वीपला कवरत्तीजवळ त्यांचं गाणं मिळालंय, २०२१ चा पेपर आहे.

आता ते ३०० हर्ट्झ. मोठ्या जहाजांचा गोंगाट बहुतेक ३० ते ३०० याच पट्टीत असतो, म्हणजे बरोबर जिथे देवमाशाचा घसा चालतो तिथेच, आणि खोल बुडी मारून तिथून गाणंही जमत नाही. मी वास्कोत राहतो, बंदराबाहेर नांगरलेली जहाजं रोज बघतो. बंदर बंद करा असलं काही माझं म्हणणं नाही, इथली अर्धी घरं त्यावरच चालतात, पण पाण्याखाली आवाज किती आहे, कुठल्या महिन्यात देवमासे गातात, जहाजांचा वेग तेवढ्या दिवसांत कमी ठेवला तर फरक पडेल का, हे विचारायला काय हरकत आहे?

तर विनंती एवढीच की पुढचा लेख त्यावर करा. दोनापावलाला जा, तिथल्या लोकांकडून रेकॉर्डिंग मागून घ्या, जमलं तर तुमच्या वेबसाइटवर वेग न वाढवता टाका. आणि खारीवाड्याच्या, मालीमच्या ट्रॉलरवाल्यांनाही विचारा, देवमासो कुठे आणि कधी दिसतो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा गाठा, बोलायला वेळ असतो त्यांच्याकडे.

आपला,
एक जुना वाचक, वास्को